माळ्यावरचा व्हीसीआर आणि भूमिपूजनाची कॅसेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी आपण सगळ्यांनी पडद्यावर आपल्या सोसायटीच्या भूमिपूजनाची फिल्म पाहिली. बावन्न मिनिटांची आहे. ती पाहताना कोण हसलं, कोणी डोळे पुसले, ते मी मागच्या खुर्चीवरून बघत होतो. सेक्रेटरींचा आग्रह असा की ही कॅसेट चालू कशी झाली ते मी पाच मिनिटांत सांगावं. बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट पाच मिनिटांत सांगता येत नाही. आधी ओपनिंग बॅलन्स, मग नोंदी, मग क्लोजिंग, अशीच सवय. तेव्हा थोडा धीर धरा. जेवणाला अजून वेळ आहे, मी आचाऱ्याला विचारूनच उठलो आहे.

आधी लहान मुलांसाठी. व्हीसीआर म्हणजे काय हे आता घरोघरी समजावून सांगायची वेळ आली. १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस नावाची पद्धत बाजारात आणली. सोनीची बीटामॅक्स त्याच्या आदल्या वर्षी आली होती. दोघांची काही वर्षं चांगलीच जुंपली आणि शेवटी व्हीएचएस जिंकली. आपल्या देशात १९८२ ला दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओचं पेव फुटलं. इतकं की १९८४ ला कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा त्यात समावेश करावा लागला. खेड्यापाड्यांत भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, चौकात टेबलावर मांडायचा आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे. तिसरा पिक्चर निम्म्यावर आला की कोंबडं आरवायचं. इथल्या ज्येष्ठांपैकी ज्यांनी असा गणपती किंवा नवरात्र पाहिलं नाही त्यांनी हात वर करावा. बघा, एकही नाही.

पुढे तर बातम्यासुद्धा कॅसेटवर आल्या. १९८८ पासून न्यूजट्रॅक नावाचं व्हिडिओ मासिक निघायचं. आपल्या जिल्ह्यातही पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, तिथं नोकरीला जाणारी आपल्या भागातली बरीच पोरं होती. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा निर्मात्यांनी त्याची कॅसेट मुद्दाम रोखून धरली, लोकांनी थिएटरात यावं म्हणून. म्हणजे त्या काळ्या डब्याची धास्ती केवढी होती ते लक्षात घ्या. मग सीडी आली, डीव्हीडी आली, आणि २०१६ च्या जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात नवा व्हीसीआर बनवणारे तेच शेवटचे उरले होते. आता जे काही आहे ते माळ्यावरचं. त्यातलं एकेक मशीन बंद पडलं की वजा होत जाणार, त्यात भर काही पडणार नाही.

आता मूळ मुद्दा. रौप्यमहोत्सव समितीच्या पहिल्याच बैठकीत आपल्या जुन्या सेक्रेटरींनी पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. वर निळ्या शाईत 'भूमिपूजन' एवढंच लिहिलेलं. दुसरी प्रत नाही. ज्यांनी शूटिंग केलं त्या फोटोग्राफरने धंदा बंद करूनही बरीच वर्षं झाली. कोणीतरी म्हणालं, शहरात एका दुकानात देऊ, ते पेन ड्राइव्हवर करून देतात. त्यावर पाच नंबरच्या वहिनींनी स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांनी लग्नाची कॅसेट अशीच एका दुकानात दिली होती. दुकानदाराने पुसलं नाही, पाहिलं नाही, सरळ मशीनमध्ये सारली. मशीनने ती अशी चघळली की आतली पट्टी चुरगळून हातभर बाहेर आली. अंतरपाट दूर झाला तिथून ते सप्तपदीपर्यंत सगळं गेलं. दुकानदार म्हणाला, जुनी होती. वहिनी म्हणाल्या, जुनी होती म्हणूनच तर तुमच्याकडे आणली होती!

तेव्हाच मी बैठकीत सांगितलं की एकुलती एक कॅसेट कुठल्याही अनोळखी मशीनमध्ये घालायची नाही. आधी मशीन तपासायचं, मग टाकाऊ कॅसेट लावून बघायची, आणि अगदी शेवटी आपली. एकच मूळ दस्त असला की बँकेत तो आम्ही कोणाच्याही हातात देत नसू, त्यातलाच हा प्रकार.

मशीन मिळालं सात नंबरच्या चाचांकडे. त्यांच्या मेहुण्यांनी आखातातून आणलेलं, जपानी बनावटीचं, पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची असते आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली एनटीएससी. नुसत्या पालच्या मशीनवर ती धड दिसत नाही. चाचांनी मशीन उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलं होतं. पण वर पत्रा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढल्यावर रबराचं काय होणार?

खाली आणल्याबरोबर प्लग लावायचा नाही. पावसाळ्याचे दिवस होते, आत दमटपणा असतो. ओलसर ड्रमला पट्टी चिकटते, म्हणून पुष्कळ मशीनमध्ये दव ओळखणारा सेन्सर असतो आणि तो मशीन चालूच होऊ देत नाही. दोन दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवलं. मग गावातल्या आपल्या इलेक्ट्रिशियन पोराला बोलावून वरचं झाकण काढलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं आणि धुळीचा थर, त्यात कापसाचे तंतू. कापसाच्या मुलखातली धूळ अशीच असायची.

इथं एक सूचना अगदी कळकळीची. मशीनमध्ये वीजपुरवठ्याचा जो भाग असतो त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. माहिती नसलेल्याने तिथं बोट घालायचं नाही. मुलांनो, तुम्ही तर नाहीच नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो भाग तपासला, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले आणि मग मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला न लावता सिरीज बोर्डावर लावलं. सिरीज बोर्ड म्हणजे मध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि मशीन वाचतं. आमचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. समोरच्या काचेत हिरवे आकडे लुकलुकले. चाचा म्हणाले, "अजून जिवंत हाय की!"

टाकाऊ कॅसेट म्हणून एका जुन्या हाणामारीच्या पिक्चरची घेतली. आत घातली. खडखड आवाज करत पट्टी बाहेर ओढली गेली, ड्रमला वळसा बसला, ड्रम फिरायला लागला. चार-पाच सेकंद झाली आणि सगळं आपोआप उलट फिरून कॅसेट बाहेर, मशीन बंद. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पोरगा म्हणाला, "काका, याचं डोकं गेलं, बोर्ड गेला." मी म्हणालो, डोकं गेलं असतं तर त्याला थांबायचं सुचलं नसतं.

त्याचं असं आहे. कॅसेटच्या ज्या रिळावर पट्टी गुंडाळायची, त्या रिळाखालच्या चकतीवर काळे आणि चकाकणारे पट्टे असतात. एक छोटा सेन्सर ते मोजत राहतो. रीळ फिरत नसेल तर मोजणी थांबते आणि मशीन समजतं की पट्टी पुढे येते आहे पण गुंडाळली जात नाही. तसंच चालू राहिलं तर पट्टी आत साठून तिचा गुंता होईल. म्हणून ते स्वतःहून थांबतं. पाच नंबरच्या वहिनींची कॅसेट चघळली ती बहुधा अशाच बिघाडाने. म्हणजे आमचं मशीन सांगत होतं की माझं रीळ फिरत नाही, तिथं बघा.

बघितलं. मोटारीपासून रिळापर्यंत ताकद नेणारा रबरी पट्टा सैल होऊन नुसता घसरत होता. दुसरा, पट्टी ओढायच्या यंत्रणेचा, तर डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता. दोन रिळांच्या मध्ये डावी-उजवीकडे झुलणारं एक रबरी चाक असतं, त्याला आयडलर म्हणतात. ते घासून गुळगुळीत, काचेसारखं झालेलं. सगळा काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला एक सकाळ गेली. आयडलरच्या कडेवर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवला, त्याची पकड परत आली. पट्ट्यांचं माप दोरा लावून घेतलं. जुना पट्टा ताणलेला असतो, म्हणून नवा त्याहून थोडा लहान घ्यायचा. शहरातल्या एका जुन्या मेकॅनिककडे, जो आता एलईडी टीव्हीच दुरुस्त करतो, पट्ट्यांनी भरलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "हे कोणी मागायला येईल असं वाटलंच नव्हतं."

पट्टे बसले, तरी मशीन मधूनच थांबायचं. सकाळी थांबायचं आणि रात्री मात्र बिनबोभाट चालायचं. पोरगा पार वैतागला. खरं कारण मजेशीर आहे. व्हीएचएस कॅसेटच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. कॅसेटच्या मधल्या भोकात मशीनचा एक न दिसणारा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश असतो. पारदर्शक टोक आलं की तो आरपार जाऊन बाजूच्या सेन्सरवर पडतो आणि मशीनला कळतं की कॅसेट संपली. आम्ही झाकण उघडं ठेवून काम करत होतो आणि सकाळचं ऊन खिडकीतून थेट सेन्सरवर येत होतं. खिडकी लावली. बिघाड गेला!

यानंतर चित्र. टीव्हीवर आवाज स्वच्छ, संवादन्‌संवाद कळतोय, आणि चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या. हे लक्षण कळायला आतली रचना कळली पाहिजे. पट्टी सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटीमीटर सरकते. एवढ्या गोगलगायीच्या चालीत चित्र मावत नाही. म्हणून ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरपा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या कडेला बसवलेले दोन हेड पट्टीवर सेकंदाला जवळपास पाच मीटर वेगाने तिरप्या रेघा वाचत जातात. एक रेघ म्हणजे चित्राचा एक निम्मा भाग. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा बारीक. आवाजाचं तसं नाही. तो पट्टीच्या वरच्या कडेने सरळ लिहिलेला असतो आणि न फिरणारा वेगळा हेड तो वाचतो. आवाज येतो आणि चित्र नाही, म्हणजे ड्रमवरचे हेड घाणीने बुजलेत.

ते साफ करणं ही जपून करायची गोष्ट. कानातल्या कापसाच्या काडीने कधीच करू नका, तंतू अडकून हेडचं नाजूक टोक मोडतं. जाड, स्वच्छ कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला एका जागी नुसती टेकवायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवायचा. कागद खालीवर घासायचा नाही. दोनदा केलं, कागदावर तपकिरी रेघ उमटली. दहा मिनिटं सुकू दिलं आणि लावलं तर पडद्यावर खलनायक हजर! खाली थोडा मुंग्यांचा पट्टा राहिला, तो ट्रॅकिंगचं बटण फिरवून गेला. पट्टीच्या वाटेवर जे उभे खांब असतात त्यांच्या स्क्रूंना आम्ही हात लावला नाही. कारखान्यात बसवलेलं माप ते, आपल्याकडे ते परत आणायचं साधन नाही.

एवढं होऊनही 'भूमिपूजन' मशीनमध्ये घालता आली नाही. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात पाहिलं तर रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी. लोणच्यावर येते तशी.

आता इथं आपल्या अकरा नंबरच्या ताईंबद्दल बोलायला हवं. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे. त्यांचे वडील आपल्या सोसायटीचे पहिले खजिनदार. भूमिपूजनाला ही आईच्या कडेवर होती, आणि घराचा स्लॅब पडायच्या आत ते गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, सह्या आहेत, पासबुकं आहेत, त्यांनी लिहिलेली सोसायटीची पहिली कॅशबुक तर कपाटात आजही आहे. मी तपासली आहे, एक खाडाखोड नाही. पण आवाज कुठंही नाही. तेव्हा खिशाखिशात मोबाइल नव्हते. कॅसेटची बातमी कळल्यावर ताई संध्याकाळी घरी आल्या आणि एवढंच विचारलं, "काका, यात बाबा बोललेत का?" मला आठवत नव्हतं. ते तसे कमी बोलणारे. पण मघाशी सांगितलं ना, चित्र पट्टीच्या मधल्या भागात असतं आणि आवाज कडेला. बुरशी आधी कडेलाच धरते. म्हणजे चित्र वाचलं आणि आवाज गेला, असं होणं अगदी शक्य होतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवणं मला बँकेतही जमलं नाही.

कॅसेट उघडली. तिला खालून पाच स्क्रू असतात. दोन्ही रिळं अलगद काढून टाकाऊ कॅसेटच्या स्वच्छ खोक्यात बसवली. रिळांना कुलूप असतं, ते खालच्या बाजूच्या मधल्या छोट्या भोकातली कळ दाबल्यावर सुटतं. बावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग म्हणजे सुमारे ७३ मीटर पट्टी. ती हाताने रीळ फिरवत, मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून वीतवीत पुढे न्यायची. पट्टीला अल्कोहोल नाही, पाणी तर नाहीच. तोंडाला मास्क, कारण बुरशीची पूड छातीत जाते. हे काम उघड्या व्हरांड्यात केलं. दोन संध्याकाळी लागल्या. चाचा रीळ धरायचे, मी कापड, आणि पोरगा दर पाच मिनिटांनी कापडाची घडी बदलायचा. काम करताना चाचांनी आखातातल्या इतक्या गोष्टी सांगितल्या की त्यांचं वेगळं भाषण ठेवायला हवं.

कॅसेटच्या मागच्या कडेला एक प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो मोडला की तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आम्ही नव्या खोक्याचा तो तुकडा आधीच मोडला होता. मशीनचे हेड पुन्हा पुसले. पिवळी आणि पांढरी वायर कॅप्चर कार्डातून नातवाच्या लॅपटॉपला. पहिल्याच वेळी रेकॉर्ड करायचं ठरवलं, आधी नुसतं बघून घेऊ असं नाही. अशी पट्टी दुसऱ्यांदा चालेल याची कोण हमी देणार?

चाललं. रंग उडालेत, ते तुम्ही पाहिलंच. गावाच्या नावात रंगारी असून आम्हाला ते परत चढवता आले नाहीत! नारळ फोडला, कुदळ मारली, अध्यक्षांचं भाषण झालं. मध्ये दोन ठिकाणी आवाज पार बुडाला आहे, ती बुरशीची जागा. आणि सदतिसाव्या मिनिटाला कॅमेरा मंडपाच्या कोपऱ्याकडे वळतो तेव्हा पांढऱ्या शर्टातले खजिनदार मंडपवाल्याला ओरडून सांगताहेत, "अरे दोरी डावीकडं ओढ, बायका उन्हात बसल्यात तिकडं! आन् बिल दिल्याबिगर पैसे मिळायचे नाहीत, आधीच सांगतो!" बस, एवढंच. नऊ सेकंद. ताईंनी तो तुकडा त्या संध्याकाळी किती वेळा लावायला सांगितला ते मी मोजलं नाही. त्यांच्या आई शेवटी हसल्या आणि म्हणाल्या, "बिलाशिवाय कुणाला पैसा सोडला नाही त्यांनी कधी."

आता व्यवहाराचं. मशीन चाचांनी सोसायटीला भेट दिलं आहे, त्याबद्दल त्यांचं आभारप्रदर्शन नंतर होईलच, मीही इथं आदाब करतो. ते ऑफिसात ठेवलं आहे, स्टॅबिलायझरवर. वितळलेल्या पट्ट्यांचे जोड जास्तीचे घेऊन ठेवलेत, पण ड्रमचे हेड झिजले की नवे मिळण्यासारखे नाहीत, तेव्हा या मशीनवर पिक्चर बघत बसायचं नाही. फक्त घरगुती कॅसेट: लग्न, बारसं, मुंज, शाळेचं गॅदरिंग. दर रविवारी दहा ते बारा, एका घराच्या दोन कॅसेट. नोंदवही केली आहे, त्यात घर नंबर आणि कॅसेटवर काय आहे ते लिहून सही करायची. पेन ड्राइव्ह आपला आणायचा.

कॅसेट माळ्यावरून काढल्यावर घरी रिवाइंड करायला जाऊ नका, कोणाकडून करूनही घेऊ नका, आहे तशी आणा. उन्हात वाळवू नका. आत पांढरं दिसलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी आणा, म्हणजे बाकीच्यांच्या कॅसेटला लागण होणार नाही. पाच नंबरच्या वहिनी, तुमची चुरगळलेली कॅसेट फेकली नसेल तर पहिल्या रविवारी तीच घेऊ. चुरगळलेला तेवढा भाग कापून दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडता येतात, मात्र त्यासाठी लागणारी चिकटपट्टी वेगळी असते, ती मागवली आहे. सप्तपदी मिळायची नाही, पण वरात आणि जेवणावळी मिळतील असं वाटतं.